सही माझी, सांधा आईचा : मिरजेच्या एका अस्थिरोग रुग्णालयातील नऊ दिवस

माझी आई ७६ वर्षांची आहे. ती जत तालुक्यातील उमदीकडची. शिक्षण चौथीपर्यंत, आणि तेही कन्नड शाळेत. सांगलीत आमच्याकडे राहायला आल्याला तिला वीस वर्षे झाली. मराठी तिला बऱ्यापैकी समजते, पण दुखणेखुपणे किंवा मनातले काही नेमके सांगायचे झाले की ती कन्नडवर येते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस विश्रामबागेतील घरी मोरीच्या उंबऱ्याशी तिचा पाय घसरला आणि उजव्या मांडीचे हाड खुब्याशी मोडले. त्याच संध्याकाळी तिला मिरजेतील एका खासगी अस्थिरोग रुग्णालयात दाखल केले, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि नवव्या दिवशी ती वॉकर धरून घरात चालत आली. हे परीक्षण त्या नऊ दिवसांचे आहे.

शल्यचिकित्सेसाठी मी या रुग्णालयाला पाचपैकी पाच गुण देईन, रुग्णाच्या श्रद्धा आणि खाण्यापिण्याच्या चालीरीती सांभाळण्यासाठी साडेचार, आणि रुग्णाला रुग्ण म्हणून विचारण्यासाठी दोन. यातले मधले आणि शेवटचे गुण एकाच इमारतीला, एकाच मजल्यावर कसे मिळू शकतात, हे मला स्वतःलाच पुष्कळ दिवस उमगत नव्हते. रुग्णालयाचे नाव मी लिहिलेले नाही, कारण माझी लेखी तक्रार त्यांनी स्वीकारली आहे व तिच्यावर काम सुरू आहे. शिवाय ज्या चुका मी पुढे सांगणार आहे, त्यांपैकी सर्वांत मोठ्या चुकीत माझाही वाटा आहे.

मिरजेला लोक वैद्यकीय पंढरी म्हणतात ते उगाच नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे रुग्णालय उभे केले (माझे परीक्षण त्या रुग्णालयाचे नव्हे), १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे दूरदूरचे रुग्ण येथे उतरण्याची वहिवाट पडली. अथणी, रायबाग, चिक्कोडी, जमखंडी, विजयपूर, इकडे सांगोला-मंगळवेढा, सगळीकडून माणसे येतात. सकाळी दहाच्या सुमाराला बाह्यरुग्ण विभागातील बाकांवर बसून नुसते कान उघडे ठेवले, तर निम्मे बोलणे कन्नडमध्ये चाललेले ऐकू येते. प्रवेशद्वाराशी गणपती आहे, औषधांच्या दुकानाच्या भिंतीवर मीरासाहेबांच्या दर्ग्याचे चित्र आहे, आणि जिन्याखाली नमाजासाठी एक स्वच्छ सतरंजी अंथरलेली असते. हे दाखवण्यापुरते नाही, त्या गोष्टी रोज वापरात असलेल्या मी पाहिल्या.

आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात लग्नाच्याही आधीपासून इष्टलिंग आहे, चांदीच्या डबीत ठेवून शिवदोऱ्यात ओवलेले. ते अंगावेगळे करायचे नसते, आणि माझ्या आठवणीत तिने ते कधी केलेले नाही. शस्त्रक्रियागृहात मात्र अंगावर धातू चालत नाही. रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारे जे उपकरण वापरतात, त्याच्यामुळे धातू टेकलेल्या जागी चटका बसण्याचा धोका असतो, आणि वर्षानुवर्षे गळ्यात असलेला दोरा निर्जंतुकही नसतो. दहाएक वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या वेळी दुसऱ्या एका रुग्णालयात डबी काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हाती दिली होती, आणि भूल चढेपर्यंत ती म्हातारी रडत होती. येथे तसे घडले नाही. आदल्या दिवशी दुपारी भूलतज्ज्ञ बाई स्वतः आईच्या खाटेशी आल्या. रुग्णालयात कामाला असलेल्या, कन्नड येणाऱ्या एका मावशींना त्यांनी बरोबर आणले होते. डबी आणि दोरा काढू, पण लिंग निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळून डाव्या तळहातात ठेवू, वर पट्टी बांधू, आणि सलाईन उजव्या हाताला लावू, असे त्यांनी सुचवले आणि आईला विचारले, ‘चालेल का?’ आईने थोडा विचार केला, पट्टी आपल्यासमोर बांधावी अशी अट घातली, आणि हो म्हटले. पूजेच्या वेळी लिंग डाव्या तळहातावरच घेतात. बाईंना हे माहीत होते की हा योगायोग, हे मी विचारले नाही. मला तो क्षण तसाच राहू द्यावासा वाटला.

स्वयंपाकघराविषयीही तक्रारीला जागा नाही. आहारतज्ज्ञ मुलीने प्रथिनांसाठी अंडे सुचवण्याआधी ‘आजी, अंडे खाता का?’ असे विचारले आणि नाही म्हटल्यावर कपाळाला आठी न घालता मुगाचे धिरडे आणि ताक लिहून दिले. जैन रुग्णांचे जेवण सूर्यास्तापूर्वी, कंदमुळांशिवाय, वेगळ्या डब्यातून येत असे, आणि त्यासाठी जादा आकार नव्हता. सांगली-मिरजेच्या भागात जैनांची वस्ती मोठी असल्याने हे अपेक्षितच आहे म्हणा, पण अपेक्षित गोष्ट निगुतीने होणे हेही थोडे नाही. ज्वारीची भाकरी तेवढी मिळाली नाही. ती आम्ही घरून नेत होतो.

आता दुसरी बाजू सांगतो, आणि ती सांगताना बिलाच्या खिडकीपासून सुरुवात करणे मला भाग आहे. त्या खिडकीत बसणारे दोन्ही कारकून अस्खलित कन्नड बोलतात. आगाऊ रक्कम किती, विम्याचे कागद कोणते, खोलीचे भाडे दुपारी किती वाजता बदलते, हे सगळे अथणीच्या शेतकऱ्याला त्याच्या बोलीत, न कंटाळता, दोनदोनदा समजावून सांगितले जाते. दरपत्रकही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावलेले आहे. संमतिपत्र मात्र इंग्रजीत आहे. मागितल्यास मराठी मिळते. कन्नड नाही. पैसे घेताना रुग्णाची भाषा येते आणि त्याच्या शरीराला हात लावण्याची परवानगी घेताना ती येत नाही, असा याचा अर्थ मी काढला तर व्यवस्थापनाला तो कठोर वाटेल. तसा त्यांना तो वाटलाही. पण मला दुसरा अर्थ सापडलेला नाही.

संमतीचा प्रसंग असा घडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शल्यचिकित्सकांनी मला त्यांच्या दालनात बोलावले, क्ष-किरण चित्र प्रकाशात धरले आणि दहा-बारा मिनिटे अतिशय सोप्या मराठीत सर्व समजावून दिले. हाड ज्या जागी मोडले आहे, तेथे मांडीच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो, म्हणून या वयात नुसते स्क्रू घालून जोडलेले हाड पुष्कळदा सांधत नाही. त्यापेक्षा गोळा काढून तेथे कृत्रिम गोळा बसवणे, म्हणजे अर्धा सांधा बदलणे बरे. पूर्ण सांधा बदलण्याचाही पर्याय आहे. बसवताना सिमेंट वापरायचे की नाही हे हाडाच्या ताकदीवर ठरेल. जंतुसंसर्ग, पायांच्या लांबीत फरक, सांधा निखळणे, पायात रक्ताची गुठळी होणे, हे धोकेही त्यांनी लपवले नाहीत. इतके चांगले समजावणारा डॉक्टर मला क्वचितच भेटला आहे. फक्त ज्यांना समजावायचे ते माणूस त्या दालनापासून चाळीस पावलांवर, खाटेवर जागे होते, शुद्धीत होते, आणि छताकडे पाहत होते.

मी खाटेशी परत गेलो आणि आईला कन्नडमध्ये सांगितले की लहानसे ऑपरेशन आहे, आठवड्यात चालायला लागशील. चारही धोके मी गिळले. पर्यायांचा उल्लेखही केला नाही. आपण तिला जपतो आहोत असेच मला त्या वेळी वाटत होते, आणि घरचा माणूस दुभाषा झाला की जे होते ते नेमके हेच असते: तो भाषांतर करत नाही, तो निवड करतो.

रात्री साडेदहाला सिस्टरांनी मला काउंटरवर बोलावून दोन पानी इंग्रजी संमतिपत्र पुढे केले. शस्त्रक्रियेचे नाव आद्याक्षरांत लिहिलेले होते. ‘पेशंटची सही?’ असे मी विचारले, ते केवळ रकाना रिकामा दिसला म्हणून. त्या म्हणाल्या, ‘आजींना कशाला त्रास? आपल्याकडं मुलगाच करतो की सही.’ मी मान डोलावली आणि सही केली. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. माझे वडील सरकारी नोकरीत होते. त्यांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि ते काढायला ती दर महिन्याला बँकेत जाऊन ठसठशीत कन्नड अक्षरांत सही करते. पैसे काढण्याच्या त्या चिठ्ठीवर माझी सही बँकेने एकदाही चालवून घेतलेली नाही. माझ्या सहीवर तिचा खुबा मात्र कापला गेला.

‘आपल्याकडं’ हा शब्द मला त्यानंतर सलत राहिला. संस्कृतीचा मान राखायचा म्हणून लिंगाविषयी विचारायला भूलतज्ज्ञ बाई आणि एक दुभाषी खाटेशी आल्या. आणि संस्कृतीचाच हवाला देऊन शस्त्रक्रियेविषयी विचारायला कोणीही आले नाही. एखाद्या समाजाच्या चालीरीती पाठ असणे आणि त्या समाजातील एका माणसाचे मत विचारणे या दोन गोष्टी किती दूर राहू शकतात, ते मी येथे पाहिले. आपल्या घरांत निर्णय मिळून होतात हे खरे आहे, आणि पुष्कळ वयस्क माणसे स्वतःहून ‘पोराला विचारा’ म्हणतात हेही खरे. आईनेही कदाचित तेच म्हटले असते. पण ‘तूच बघ’ असे म्हणण्याचा अधिकारही तिचाच होता, आणि तो बजावायची वेळच तिच्यावर येऊ दिली नाही.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या जानेवारीत जो निकाल दिला, त्यातील हकिकत आमच्या प्रसंगापेक्षा फार गंभीर होती: तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेच्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले गेले होते. रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असेल, आणि जिवावर बेतलेली तातडी नसेल, तर तिच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती, मग ती जन्मदात्या आईची का असेना, चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. तेथे मुलीसाठी आईने सही केली होती, येथे आईसाठी मुलाने. न्याय दोन्हीकडे एकच. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली, तिच्यातही आजाराची आणि उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आहे. आणि महाराष्ट्राने शुश्रूषागृहांच्या नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये जी सुधारणा केली, तिच्यानुसार रुग्णहक्कांची सनद व प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. या रुग्णालयात ती सनद लावलेली आहे. स्वागतकक्षात, मराठीत, बारीक टाइपात, आणि तिच्यासमोर प्लास्टिकच्या फुलांची उंच कुंडी ठेवलेली. नऊ दिवसांत ती वाचताना मला एकही माणूस दिसला नाही. मीही ती वाचली ती शेवटच्या दिवशी, डिस्चार्जच्या कागदांची वाट पाहताना, कुंडी सरकवून.

शस्त्रक्रिया कमरेखालचा भाग बधिर करून झाली, म्हणजे आई पूर्ण वेळ जागी होती. हेही तिला कोणी आधी सांगितले नव्हते. नंतर ती म्हणाली की सुतार पलंग ठोकतो तसे ठोके ऐकू येत होते आणि ते आपल्याच अंगावर पडताहेत हे तिला उशिरा कळले. डॉक्टरांचे आपसांतले बोलणे मराठी-इंग्रजीत चालले होते. कागवाडकडच्या एका तंत्रज्ञ मुलाने मात्र तिच्या खांद्यावर हात ठेवून तिच्याशी कन्नडमध्ये पावसाच्या गप्पा केल्या, उमदीकडे यंदा तूर कशी आहे ते विचारले. ते त्याचे काम नव्हते.

सर्वांत दुखरा भाग शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी आला. फिजिओथेरपिस्ट तरुण होता, बोलायला गोड होता. मावशींमार्फत त्याने आईला पथ्ये सांगितली: पायावर पाय टाकायचा नाही, उकिडवे बसायचे नाही, मांडी घालून खाली बसायचे नाही. आईने विचारले, ‘किती दिवस?’ तो म्हणाला, पहिले तीन महिने तर अजिबातच नाही, आणि पुढेही जमिनीवर बसणे टाळलेलेच बरे. आईने तोंड भिंतीकडे वळवले. सकाळ-संध्याकाळ आसन घालून, कपाळाला विभूती लावून, तळहातावर लिंग घेऊन बसण्यात तिची साठ वर्षे गेली आहेत. तिची बैठक हीच तिची पूजा आहे, असे म्हटले तरी चालेल. त्या रात्री तिने मला एकच विचारले, ‘हे तुला ठाऊक होतं?’

ठाऊक होते. शल्यचिकित्सकांनी दालनात एका वाक्यात सांगितले होते: ‘खाली बसणं मात्र टाळावं लागेल.’ त्यांच्या लेखी ती सांधा निखळू नये म्हणून घ्यायची एक काळजी होती. माझ्या लेखी, घरी जेवणाचे टेबल आहे आणि कमोडही आहे, तेव्हा प्रश्न मिटला, इतकीच. त्या वाक्याचे वजन कळणारी व्यक्ती त्या दालनात नव्हती. आईने शस्त्रक्रियेला नकार दिला असता असे मला वाटत नाही; खुबा मोडलेल्या माणसाला अंथरुणाला खिळण्याखेरीज दुसरी वाट फारशी नसते, आणि ती व्यवहारी बाई आहे. पण ती विचार करून, तयारी करून, कदाचित जतेहून आपल्या स्वामींना विचारून टेबलावर गेली असती. लिंग जपणाऱ्या रुग्णालयाने लिंगपूजेवर काय परिणाम होणार हे सांगितले नाही, हा यातला पेच आहे, आणि तो गॉजच्या पट्टीने सुटणारा नव्हता.

तो सोडवला त्या फिजिओथेरपिस्टनेच. भिंतीकडे वळलेल्या तोंडाचा अर्थ त्याने मावशींना विचारून घेतला असावा. दुसऱ्या दिवशी तो हात असलेली, जरा उंच खुर्ची आणि एक छोटे टेबल घेऊन आला, गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील अशी बैठक त्याने जमवली आणि आईला डावा हात पुढे धरायला सांगितले. टेबल दोन बोटे उंच वाटले म्हणून बदलून आणले. आई पाच मिनिटे तशी बसून राहिली आणि मग म्हणाली, हात दुखत नाही. एवढेच. तिच्या तोंडून आलेली ही मोठी पसंती आहे, हे त्या मुलाला कळले असेल का, कोण जाणे.

मावशींविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे. त्या सफाई आणि शुश्रूषेच्या कामाला आहेत. पूर्ण मजल्याला दुभाषी म्हणून त्याच पुरतात, कामाच्या मधून, हातातला मॉप भिंतीला टेकवून. त्यांना त्यासाठी ना प्रशिक्षण आहे ना वेगळा मोबदला. निवासी डॉक्टर ‘नोवु’ म्हणजे दुखणे हा शब्द शिकून आला होता; आई म्हणते ‘ब्यानी’. हे अंतर मावशी भरून काढतात. पण हाडातले सिमेंट म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हते, आणि आईने दोन दिवस अशी कल्पना केली होती की बांधकामाच्या पोत्यातले सिमेंट आपल्या मांडीत भरले आहे. पाणी कमी प्यावे म्हणजे ते लवकर वाळेल, असाही तर्क तिने केला होता की काय, अशी मला शंका आहे. शिवाय लघवी-शौचाच्या, जुन्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगताना ऐकणारी बाई आपल्याच नात्यागोत्यातल्या गावची निघाली, तर सांगणारी आखडते. मावशींच्या चांगुलपणाला यात कमीपणा नाही. रुग्णालयाने त्या चांगुलपणावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही.

पाणी कमी पिण्याचे खरे कारण मात्र निराळे निघाले, आणि ते माझ्या बायकोच्या लक्षात आले. रात्री आठनंतर त्या मजल्यावर बेडपॅन द्यायला फक्त पुरुष वॉर्डबॉय असत. स्त्री सिस्टर असत, पण दोन विभागांना मिळून एक, आणि बेडपॅन हे त्यांचे काम समजले जात नसे. त्यामुळे दुपारी चारनंतर आई पाण्याला शिवतच नसे. लघवीचे प्रमाण कमी झाल्याची नोंद डॉक्टरांनी दोन दिवस केली, सलाईन वाढवले, मूत्रपिंडाची तपासणी लिहून दिली. कारण कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी पुरुष डॉक्टरला तिने ते सांगितले नसते. वॉर्डबॉय सभ्य होते. पडदा ओढत, मान वळवत. प्रश्न त्यांच्या वागण्याचा नाहीच. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हे आयोगाच्या सनदेत आहे आणि या रुग्णालयात तपासणीच्या वेळी ते कसोशीने पाळले जाते. रात्रीच्या बेडपॅनला मात्र ती सनद लागू होत नाही असे दिसते. शेवटच्या चार रात्री माझी बायको तेथे राहिली. ज्यांना रात्री राहणारे बाईमाणूस नाही, त्यांचे काय होत असेल?

आणखी दोन बाबी थोडक्यात. शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासण्यांत एचआयव्हीची तपासणी होती, ती आम्हाला बिलावर पाहून समजली. २०१७ च्या कायद्यानुसार या तपासणीसाठी माहिती देऊन संमती घ्यावी लागते. दुसरे, सिस्टरांच्या टेबलामागील पांढऱ्या फळ्यावर खाट क्रमांक, रुग्णाचे पूर्ण नाव आणि आजार असे तिन्ही लिहिलेले असते, आणि तो फळा लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतो. हे बदलायला खर्च शून्य आहे.

पैशांचा व्यवहार चोख होता. अंदाज एक लाख चाळीस हजारांचा दिला होता, बिल एक लाख बावन्न हजार झाले आणि फरक ओळीओळीने समजावून दिला. बसवलेल्या सांध्याचे लेबल फाइलमध्ये चिकटवले होते. औषधे बाहेरून आणली तरी कोणी नाक मुरडले नाही. उपचारांच्या कागदपत्रांची प्रत लेखी अर्ज केल्यावर दुसऱ्या दिवशी मिळाली. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार त्यासाठी ७२ तासांची मुदत आहे, तेव्हा याबाबतीत हे रुग्णालय नियमाच्याही पुढे आहे. ज्याला केवळ हाड नीट बसवून घ्यायचे आहे, हिशेब स्वच्छ हवा आहे, आणि ज्याच्याबरोबर मराठी येणारे आणि खरे बोलणारे माणूस आहे, त्याने येथे खुशाल जावे. रुग्ण कन्नडभाषक असेल तर संमतीच्या चर्चेच्या वेळी डॉक्टरांना खाटेशी या म्हणून सांगावे. मला वाटते ते नाही म्हणणार नाहीत. मी सांगितले नव्हते.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी मी प्रशासकांना चार पानी पत्र दिले. त्यात माझ्या सहीची हकिकतही लिहिली. त्यांनी मला बोलावून घेतले, चहा दिला, आणि बिलाच्या खिडकीबद्दलचे वाक्य तेवढे त्यांना लागले. फळा दुसऱ्याच दिवशी आतल्या बाजूला हलवल्याचे तपासणीच्या फेरीला गेलो तेव्हा दिसले. कुंडीही हलली आहे. रात्रीच्या स्त्री परिचारिकेबद्दल ‘माणसं मिळत नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले, आणि त्यावर माझे समाधान झालेले नाही. कन्नड संमतिपत्राचा मसुदा मात्र त्यांनी खरोखर करून घेतला आणि भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे पाठवला.

मी तो आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावला, खुर्चीत बसून, ओळीखाली बोट फिरवत दोन्ही पाने मोठ्याने वाचली. दोन शब्द बेंगळुरूकडचे आहेत, आपल्याकडे कोणी म्हणत नाही, असे सांगितले. मग तिने पाने उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, ‘खाली बसता येणार नाही, हे यात कुठं लिहिलंय?’ ते कोठेही नव्हते. तिच्या सांगण्याप्रमाणे ती ओळ मी पेन्सिलीने समासात लिहिली आणि मसुदा परत पाठवला. छापील प्रत अजून आलेली नाही.